प्लग-इन हायब्रिड, मराठवाड्याचं ऊन आणि एसी: रेंज नेमकी जातेय कुठं?

जालन्याच्या एका भाऊंचा प्रश्न आलाय. त्यांनी सेकंडहँड प्लग-इन हायब्रिड एसयूव्ही घेतलीय, म्हणजे घरी चार्ज करायची बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेली, बॅटरी साधारण १२ युनिटची, कागदावर नुसत्या बॅटरीवर ४४ किलोमीटर लिहिलंय. जानेवारी-फेब्रुवारीत एसी न लावता ४० च्या आसपास मिळत होते, एप्रिल लागला तसं एसी लावून २६-२७ वरच गाडी इंजिनवर जायलीय. दिवस असा की घरून एमआयडीसी, तिथून बँक, मग मोंढा, दुपारी जेवायला घर, परत एमआयडीसी. एसी बंद करून बघितला तर घरचे गाडीत बसायला तयार नाहीत, आणि कधीकधी तर एसी बंद असतानाही इंजिन आपोआप चालू होतंय. बॅटरी गेली का, एसी वापरायचा कसा, आणि संभाजीनगरला जाताना एसी बंद ठेवून जावं का, असे तीन प्रश्न.

भाऊ, आधी बॅटरीची काळजी सोडा. चांगली चाललेली बॅटरी दोन महिन्यांत एवढी उतरत नसते, ती वर्षानुवर्षं हळूहळू उतरते. फेब्रुवारीत ४० आणि एप्रिलमध्ये २७ म्हणजे हा फरक उन्हाचा, एसीचा आणि तुमच्या दिवसभराच्या थांब्यांचा आहे. आणि कागदावरच्या आकड्याचंही एक लक्षात घ्या, युरोपातली रेंज मोजायची डब्ल्यूएलटीपी टेस्ट साधारण २३ डिग्रीला होते आणि त्यात एसी बंद असतो. अमेरिकेच्या टेस्टमध्ये एसी लावून ३५ डिग्रीची एक वेगळी फेरी असते, पण आपल्याकडं परभणी-नांदेडला मे महिन्यात ४२-४३ म्हणजे रोजचंच, त्यामुळं तो ४४ चा आकडा घेऊन कुणाशी भांडायला जाऊ नका.

आता मुद्द्याचं. माझ्याकडं येणारा प्रत्येक जण विचारतो की एसी लावल्यावर किती किलोमीटर कमी होतात, आणि इथंच हिशोब चुकतो. एसीचा किलोमीटरशी संबंधच नाही. तो उक्त्यावर काम करत नाही, हजेरीवर करतो. गाडी ८० ने पळो नाहीतर रेल्वे गेटवर उभी राहो, एसीला तासाची मजुरी द्यावीच लागते.

आकड्यात सांगतो. १२ युनिटची बॅटरी असली तरी गाडी सगळी वापरू देत नाही, खाली-वर थोडी राखून ठेवते, तुमच्या हाताला साधारण ९ युनिट येतात असं धरा. दोन टनांच्या वरची गाडी गावात किलोमीटरला साधारण ०.२ युनिट खाते, म्हणजे एसीशिवाय जास्तीत जास्त ४५ किलोमीटर, तुमचा फेब्रुवारी त्याच्या जवळपासच होता. आता कडक उन्हात एसी गार झाल्यावरही साधारण दीड किलोवॅट ओढत राहतो, म्हणजे तासाला दीड युनिट. जालन्याच्या गर्दीत तुमचा सरासरी वेग पकडा ताशी २०, तर एका तासात चाकांना लागले ४ युनिट आणि एसीला दीड, एकूण साडेपाच. ९ युनिट पावणेदोन तासही पुरत नाहीत, ३३ किलोमीटरला खेळ खलास. तीच गाडी मोकळ्या रस्त्यावर ताशी ६० ने सलग चालवा, तासाला चाकांना साडेअकरा आणि एसीला तोच दीड, मग एसीचा वाटा दहा-बारा टक्केच राहतो आणि रेंज ४० च्या वर जाते. एसी तोच, ऊनही तेच, फक्त तास कमी लागले.

पण हिशोबानं ३३ येतात आणि तुम्हाला मिळतात २७, मग मधले सहा गेले कुठं? ते थांब्यांवर गेले. उन्हात उभी केलेली बंद गाडी पहिल्या अर्ध्या तासातच बहुतेक तापून घेते, नंतरची वाढ हळू असते. बाहेर ४२ असताना आत ६० च्या पुढं आणि डॅशबोर्ड त्याहून जास्त. एवढी भट्टी गार करायला कॉम्प्रेसर सुरुवातीची सात-आठ मिनिटं तीन किलोवॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे दर वेळेला ०.४ युनिट, म्हणजे दोन किलोमीटर. बँक, मोंढा, घर, एमआयडीसी, असे चार-पाच वेळा गाडी तापली आणि चार-पाच वेळा गार केली की झाले दीड-दोन युनिट स्वाहा. मोठ्या बॅटरीच्या पूर्ण इलेक्ट्रिक गाडीला हे जाणवत नाही, तिच्याकडं ४०-५० युनिट असतात, पण प्लग-इन हायब्रिडचा गल्लाच लहान, त्यात दोन युनिट म्हणजे पाचवा हिस्सा. म्हणून माझं सगळ्यांना एकच म्हणणं असतं की एसीचं बटण दाबायचं का नाही यावर वाद घालू नका, गाडी तापणार नाही ते बघा.

तर तापू न देण्याचं सांगतो. मे महिन्याच्या मध्याला आपल्याकडं सूर्य बरोबर डोक्यावर येतो, लातूर-धाराशिवला थोडं आधी, संभाजीनगर-जालन्याला त्यानंतर आठवडाभरात, तेच ते शून्य सावलीचे दिवस. त्या दिवसांत गाडीचं तोंड कुठल्या दिशेला केलं यानं दुपारी फारसा फरक पडत नाही कारण ऊन वरून येतंय, आणि तुमच्या असल्या गाड्यांना वर मोठ्ठी काच असते. सनरूफचा आतला पडदा एप्रिल ते जून बंदच ठेवायचा, पोरांनी हट्ट केला तरी. पुढच्या काचेला चंदेरी सनशेड लावा. ती दोन-तीनशे रुपयांची पत्र्यासारखी दिसणारी वस्तू गाडीतल्या कुठल्याही मोडपेक्षा जास्त किलोमीटर वाचवते, पण लोकांना ती लावायची लाज वाटते. कडुनिंबाची सावली मिळाली तर पन्नास पावलं चालायची तयारी ठेवा, चिमण्यांनी घाण केली तर पुसून घ्या. काळी फिल्म मात्र लावू नका, नियमानं पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून ५० टक्के उजेड आत आलाच पाहिजे, आणि ऊन काय काळ्या रंगानं अडत नसतं, उष्णता अडवणारी काच वेगळी असते. काच बोटभर खाली ठेवून गाडी गार राहते हाही समजच आहे, थोडाफार फरक पडतो, फार नाही.

गाडीत बसल्या बसल्या एसी फुल करून काचा बंद करायची आपल्याकडं सवय आहे, ती मोडा. आधी चारी काचा खाली घ्या, ब्लोअर जोरात, बाहेरची हवा चालू, आणि एखाद मिनिट तसंच चाला. आतली हवा ६० ची आणि बाहेरची ४२ ची, म्हणजे बाहेरची हवा इथं फुकटचा कूलर आहे. ती भट्टी बाहेर गेली की मग काचा बंद, आणि आता आतलीच हवा फिरवायची, म्हणजे रिसर्क्युलेशन.

या रिसर्क्युलेशनच्या बटणाकडं लोक लक्षच देत नाहीत. ब्लोअर जोरात असताना तासाला चारेकशे घनमीटर हवा आत येते असं धरा, तर नुसती ती हवा ४२ वरून २६ वर आणायला दोन किलोवॅटच्या आसपास उष्णता काढावी लागते आणि कॉम्प्रेसरला त्यासाठी साधारण निम्मी वीज लागते. म्हणजे ते बटण चुकीच्या बाजूला राहिलं की एक किलोवॅट उगं जातोय. फक्त चार-पाच जण बसलेले असतील तर २०-२५ मिनिटांनी दोन मिनिटं बाहेरची हवा घ्या, कारण बंद गाडीत आपल्याच श्वासाचा कार्बन डायऑक्साइड साठतो आणि ड्रायव्हरला पेंग येते. ऑटो मोडवर बऱ्याच गाड्या हे स्वतःच करतात, पण सगळ्या करत नाहीत, स्क्रीनवर हवेचा बाण कसा फिरतोय ते बघून घ्या.

किती डिग्रीवर ठेवायचं? मी २६ सांगतो, आणि ब्लोअर एक घर जास्त. मुंबईवाले म्हणतील २६ ला काय होतंय, पण त्यांची हवा दमट. तिथं एसीची बरीच ताकद हवेतलं पाणी काढण्यातच जाते, आणि घाम वाळत नाही म्हणून त्यांना २२ लागतं. आपला एप्रिल-मे कोरडा ठणठणीत. कोरड्या हवेत अंगावर वारा लागला की घाम पटकन वाळतो आणि गार वाटतं. म्हणून आपल्याला कमी डिग्रीपेक्षा वारा जास्त कामाचा, आणि ब्लोअर पूर्ण जोरात असला तरी कॉम्प्रेसरच्या मानानं किरकोळ वीज खातो. सीटमधून हवा येणारी गाडी असेल तर ते आधी चालू करा, ती काही वॅटांची गोष्ट आहे. पण त्या सीटवर आपल्याच हौसेनं रेग्झिनचं कव्हर चढवलेलं असतं! बाजूला एअरबॅग असलेल्या सीटवर असलं कव्हर तसंही नको, काढून टाका.

'लो' वर ठेवून विसरू नका. बऱ्याच गाड्यांत 'लो' म्हणजे १६ किंवा १८ डिग्री नव्हे, 'लो' म्हणजे थांबू नको, जेवढं जमेल तेवढं गार करत रहा, मग कॉम्प्रेसर दमच घेत नाही. २६ लावून ऑटो केलं की इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर स्वतःचा वेग कमी करतो. जुन्या बेल्टवाल्या एसीसारखं त्याचं चालू-बंद, चालू-बंद नसतं, तो हळू फिरत राहतो आणि हळू फिरतानाच सगळ्यात कमी खातो. म्हणून स्वतः सारखं बटण चालू-बंद करत बसू नका, त्यात काही वाचत नाही. एकटेच असाल तर मागचे झोन बंद करा. आणि डावीकडं २० आणि उजवीकडं २७ असं नवरा-बायकोचं वेगवेगळं ठेवलं की काही गाड्या आधी सगळी हवा गार करतात आणि मग एका बाजूची परत तापवतात, दोन्हीकडून बॅटरीच जाते. सिंक दाबून एकाच आकड्यावर तडजोड करा, कुठला आकडा ते घरात ठरवा, त्यात मी पडत नाही.

आता प्लग-इन गाडीचा खरा फायदा, जो तुम्ही बहुतेक वापरतच नाही आहात: चार्जर लावलेला असताना गाडी गार करून घेणं. ॲपवरून नाहीतर गाडीतल्या टायमरवर निघायची वेळ टाकता येते. भिंतीतून येणाऱ्या विजेवर गाडी गार झाली की बॅटरीचे ते पहिले ०.४ युनिट वाचले. दुपारी जेवून निघताना हे सगळ्यात कामाचं, सकाळी आठला एवढी गरज नसते. पण घरच्या सॉकेटवरचा चार्जर बऱ्याचदा १० अँपियरचा असतो, म्हणजे २३० व्होल्टला २.३ किलोवॅट, आणि आपल्याकडं संध्याकाळी सगळे कूलर-मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज २०० वर उतरतं, मग राहिले दोनच. एसी मागतोय तीन. वरचा एक किलोवॅट बॅटरीतूनच निघतो. त्यामुळं गाडी गार झाल्या झाल्या वायर काढू नका, आणखी दहा मिनिटं लावून ठेवा, गेलेलं भरून येतं. आणि अर्धा अर्धा तास आधीपासून गार करत बसण्यात अर्थ नाही, दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, नाहीतर रेंज वाचेल आणि महावितरणचं बिल वाढेल.

चार्जर उन्हाळ्यातच फॉल्ट दाखवतो अशी तक्रार पण लई येते, त्यात गाडीचा दोष कमीच असतो. चार्जर चार्जिंग चालू करायच्या आधी अर्थिंग तपासतो, आणि आपल्याकडं मेमध्ये जमीन एवढी वाळते की काळ्या मातीला हातभर भेगा पडतात, मग अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते आणि अर्थ मिळत नाही. खड्ड्यात दर दोन-चार दिवसांनी बादलीभर पाणी ओता, आणि वायरमनकडून एकदा अर्थिंग मोजून घ्या. अर्थची पिन मोडून, काहीतरी जोडजंतर करून चार्जरला फसवायचा सल्ला कुणी दिला तर त्याला घरी पाठवा.

आणि एक गोष्ट अगदी लक्षात ठेवा. शटर लावलेल्या बंद गॅरेजमध्ये किंवा चारी बाजूंनी पत्रा असलेल्या शेडमध्ये प्लग-इन हायब्रिडचा एसी लावून आत कुणी बसायचं नाही, झोपायचं तर अजिबात नाही. बॅटरी खाली आली की काही गाड्या एसी चालू ठेवायला इंजिन सुरू करतात, आवाज येत नाही इतकं हळू, आणि कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. शोरूमवाल्यांच्या तोंडून मी हे फारसं ऐकलेलं नाही म्हणून मुद्दाम लिहितोय.

थांब्यांबद्दल एक उलटी वाटणारी गोष्ट. मोंढ्यात पाचेक मिनिटांचं काम आहे, गाडीत घरचं मोठं माणूस बसलेलं आहे, तर एसी २७ वर चालूच राहू द्या. पाच-सात मिनिटांत ०.१५ युनिटच्या आसपास जातील, पण बंद करून उन्हात तापवून परत गार करायला त्याहून जास्त लागतील. अर्धा तास थांबायचं असेल तर मात्र बंद, आणि मग गाडीत कुणी बसायचं नाही, पोरं तर नाहीच नाही. कामं सकाळी अकराच्या आत उरकता आली तर सगळ्यात चांगलं, पण बँक आपल्या सोयीनं उघडत नसते, हे मान्य.

संभाजीनगरच्या प्रवासाचं. जालन्याहून साठेक किलोमीटर, म्हणजे बॅटरीवर पूर्ण जाणार नाहीच, कुठंतरी इंजिन लागणारच. मग ते कुठं लागावं हे आपण ठरवायचं. बहुतेक जण जालना सोडतानाच बॅटरीवर निघतात, शेंद्र्याच्या आसपास बॅटरी संपते आणि मग चिकलठाणा, मुकुंदवाडी, सिडको, सेव्हन हिल, मोंढा नाका अशी सिग्नलची रांग इंजिनवर काढतात. हे उलटं करा. जालन्यातून बाहेर पडेपर्यंत बॅटरी, मोकळा रस्ता लागला की 'होल्ड' किंवा 'सेव्ह' मोड टाका, म्हणजे बॅटरी राखून गाडी इंजिनवर चालते, गाडीगाडीत नाव वेगळं असतं. ८०-९० च्या एका वेगात इंजिन चांगल्या ॲव्हरेजला चालतं आणि त्यात एसीचा भार कळतसुद्धा नाही. इंजिनवर असतानाच गाडी २३ वर गार करून घ्या, सीट, डॅशबोर्ड, छत सगळं गार होऊ द्या. शेंद्रा आलं की बॅटरीवर घ्या आणि एसी २६ वर आणा, पुढची दहा-पंधरा मिनिटं कॉम्प्रेसरला फार काम राहत नाही. गर्दीत एसी किलोमीटरमागं जास्त खातो हे वर मीच सांगितलं, मग गर्दीत बॅटरी का म्हणाल? कारण सिग्नलवर उभं राहून एसीसाठी पेट्रोल इंजिन फिरवणं हे त्याहून वाईट, तेवढ्या कमी भाराला इंजिनातलं बहुतेक पेट्रोल नुसतं उष्णता म्हणून वाया जातं. समृद्धीनं जात असाल तर तिथं १२० ची मर्यादा आहे, पण १२० ला हवेचा रेटाच एवढा की एसीचं बोलायचंच कारण नाही, तिथं १०० ने चाला, एसी बंद करून वाचेल त्यापेक्षा जास्त वाचेल. आणि एसी बंद करून काचा उघड्या टाकून जायचं म्हणाल तर ते गावातल्या वेगाला ठीक, हायवेला काचा उघडल्या की हवेचा अडथळा वाढतो, शिवाय मेमधली ती लू तोंडावर घेऊन जाण्यात कसला शहाणपणा.

एसी बंद असताना इंजिन चालू होतं त्याचं. पहिलं कारण, तुमची बॅटरीसुद्धा गरम होते. बऱ्याच प्लग-इन गाड्यांत बॅटरी गार करायला एसीचाच गॅस वापरतात, म्हणजे तुम्ही केबिनचा एसी बंद केला तरी कॉम्प्रेसर बॅटरीसाठी फिरतच असतो, म्हणून बंद करूनही अपेक्षेएवढी बचत दिसत नाही. बॅटरी फारच तापली तर गाडी तिच्यातून कमी ताकद घेते आणि उरलेल्यासाठी इंजिन घेते. म्हणून भर उन्हात गाडी आणून लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास सावलीत उभी राहू द्या. ज्या गाड्या केबिनमधली हवा ओढून बॅटरी गार करतात, त्यांची जाळी मागच्या सीटच्या आसपास असते, तिच्यावर पिशवी, उशी, चादर ठेवू नका. बाकी कारणं किरकोळ: ॲक्सिलरेटर जोरात दाबला, स्पोर्ट मोड राहिला, किंवा बरेच दिवस इंजिन चाललंच नाही म्हणून गाडीनं तेल आणि पेट्रोलच्या काळजीनं स्वतःच फिरवलं. यात बिघाड नाही.

पावसाळ्यात वेगळंच. काच धुरकटली की लोक पुढच्या काचेचं डिफ्रॉस्टचं बटण दाबतात, त्या बटणानं एसी, ब्लोअर आणि गरम हवा सगळं एकदम फुल होतं आणि काही गाड्यांत इंजिनही चालू होतं. त्याऐवजी हवेची दिशा काचेकडं, एसी चालू, बाहेरची हवा, २४-२५ डिग्री, ब्लोअर मध्यम. आणि काच आतून स्वच्छ पुसा, तंबाखू-अगरबत्तीचा थर असला की धुकं जास्त धरतं. एकदमच दिसेनासं झालं तर मात्र रेंज गेली खड्ड्यात, डिफ्रॉस्ट दाबा.

हिवाळा आपल्याकडं थोडक्यात आटोपतो, परभणीत पारा एक अंकी येतो तेवढ्या सकाळी हीटरची आठवण होते. हीटर एसीपेक्षा जास्त खातो, विजेवरचा असेल तर सुरुवातीला चार-पाच किलोवॅटसुद्धा ओढतो, आणि काही गाड्या तर हीटर मागितला की सरळ इंजिनच चालू करतात, २०१२ च्या सुमाराची प्लग-इन प्रियस तशीच होती, नंतरच्या प्रियसला टोयोटानं हीट पंप दिला. आपण स्वेटर घालून सीट हीटर लावावा, शंभर वॅटच्या आतबाहेर काम भागतं.

शेवटी मशीनची देखभाल, कारण हे सगळं करूनही कंडेन्सर चोंदला असेल तर उपयोग नाही. गाडीच्या तोंडाशी रेडिएटरच्या पुढं असतो तो कंडेन्सर. आपल्याकडं सोयाबीनच्या मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, उसाचं पाचट, वर काळ्या मातीची धूळ, पहिल्या पावसानंतर या सगळ्याचा चिखल होऊन पत्र्यांमध्ये असा घट्ट बसतो की टॉर्च मारली तर उजेड पलीकडं जात नाही. मग गॅसची उष्णता बाहेर पडत नाही, दाब वाढतो, आणि तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वीज ओढतो. दिवाळीनंतर एकदा आणि मार्चमध्ये एकदा साध्या पाइपच्या पाण्यानं, हलक्या धारेनं धुऊन घ्या. वॉशिंग सेंटरवाल्याची प्रेशर गन जवळून मारू देऊ नका, पत्रे वाकतात आणि वाकलेले परत सरळ करणं म्हणजे दिवसभराचं काम. केबिन फिल्टर साधारण दहा हजार किलोमीटरला बदला, मातीच्या रस्त्याचा वापर असेल तर आधीच.

आणि गॅस भरायचा असेल तर कोपऱ्यावरच्या कुठल्याही एसीवाल्याकडं नेऊ नका. मी स्वतः त्याच धंद्यातला आहे म्हणून सांगतो. बेल्टवरच्या साध्या कॉम्प्रेसरात बहुतेक पीएजी तेल असतं. तुमच्या गाडीच्या कॉम्प्रेसरात मोटर आतच असते, हाय व्होल्टेजवर चालते आणि तिचं वायंडिंग त्या तेलात-गॅसमध्येच भिजलेलं असतं. म्हणून बहुतेक अशा कॉम्प्रेसरांत पीओई जातीचं तेल लागतं, ज्यातून वीज वाहत नाही. साध्या गाड्यांना लावलेल्या मशिनच्या पाइपात उरलेलं थोडंसं पीएजी जरी आत गेलं तरी इन्सुलेशन उतरतं, गाडी आयसोलेशनचा फॉल्ट देते आणि कधी कधी चालूच होत नाही. मग कॉम्प्रेसर, पाइप, कंडेन्सर सगळंच बदलायची वेळ येते, आणि तो खर्च ऐकून पेट्रोलचा हिशोब विसरायला होईल. लीक बंद करायचं सीलंट तर चुकूनही टाकू देऊ नका. दुकानात गेल्यावर दोन गोष्टी विचारा, हायब्रिडसाठी वेगळी मशीन किंवा पाइप फ्लश करायची सोय आहे का, आणि कॉम्प्रेसरच्या स्टिकरवर लिहिलेलं तेलच टाकणार का. उत्तर देताना तो "सगळ्याला एकच चालतं साहेब" म्हणाला, तर बोनेट बंद करा आणि गाडी तशीच परत आणा, एसी थोडा कमी गार लागला तरी चालेल.